झाकल्या मुठीतले बेचाळीस हजार

लॉन्ड्रीत त्याला सगळे ‘सिस्टिम’ म्हणत. मालक म्हणे, बॉयलरवाला म्हणे, घड्या घालणाऱ्या बायकाही म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असायचं, आणि ते पत्रक तो कुणाला दाखवत नसे.

लॉन्ड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे. तीन हॉस्पिटलं आणि पाच हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे असा दिवसाला चार-पाच टन कपडा तिथे यायचा, उकळून, पिळून, वाळून परत जायचा. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात नखाएवढी पट्टी शिवलेली असे. आत येताना ती यंत्राखालून जाई, बाहेर पडताना पुन्हा जाई. किती आले, किती गेले, कोणती चादर कितव्यांदा धुतली गेली हे सिस्टिमच्या पडद्यावर उमटायचं. हे सगळं त्यानेच बसवलेलं होतं आणि तोच चालवत होता.

त्याने त्यात आणखी एक रकाना घातला होता, ‘वसूल’ नावाचा. चादर घ्यायला किती पडले, एका धुण्यामागे हॉस्पिटल किती भाडं देतं, साबण-वाफ-मजुरी किती जाते, हे सगळं वजा करून चादरीने आपली किंमत कधी फेडली ती तारीख तिथे येई. साधारण चाळिसाव्या धुण्याला चादर वसूल होते. दीडशेच्या आसपास ती विरते, मग तिची फडकी करतात. मालक या रकान्यावर बेहद्द खूश होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पडद्यापुढे उभं करून दाखवायचा. सिस्टिमचा पगार मात्र या खुशीने कधी वाढला नाही. खुशी आणि पगार हे दोन वेगळे रकाने असतात, हे त्याला पहिल्याच वर्षी समजलं होतं.

तीस वर्षांचा हा माणूस एका जागी सुखाने बसलाय असं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्चीत असला की गुडघा हलायचा, उभा असला की खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. पण त्या आठवड्यात त्याची जी तगमग चालली होती ती नेहमीची नव्हती. शुक्रवारी त्याला एक सही करायची होती.

त्या सहीकडे जाण्याआधी जुनी गोष्ट सांगायला हवी.

त्याचे बाबा घरं रंगवायचे. शिडी, पुट्टी, ब्रश यांत आयुष्य गेलं. पोराच्या अंगाला रंगाचा वास येऊ नये एवढी त्यांची एकच हौस. बारावीनंतर कॉलेजातल्या एका गोडबोल्या माणसाने त्या दोघांना खुर्चीत बसवून इन्फर्मेशन सिस्टिम्सची डिग्री समजावली. “शिकताना एक पैसा भरायचा नाही. नोकरी लागली की मग हप्ता.” बाप-लेकांना हे इतकं गोड वाटलं की व्याजाचं काय, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. भरायचं नाही म्हणजे वाढतही नाही, असं त्यांनी धरलं. सहा लाख काढले. चार वर्षं शिक्षण, वर आठ महिने नोकरीसाठी जोडे झिजवणं, आणि पहिला हप्ता सुरू झाला तेव्हा सहाचे आठ लाख झाले होते. बँकेने काही फसवलं नव्हतं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, फक्त ते वाचायचं असतं हे या घराला ठाऊक नव्हतं.

आणि डिग्री तरी कशी! संगणकवाल्यांकडे मुलाखतीला गेला की ते म्हणत, तुम्ही हिशेबवाले. हिशेबवाल्यांकडे गेला की ते म्हणत, तुम्ही संगणकवाले. नवव्या मुलाखतीत लॉन्ड्रीच्या मालकाने विचारलं, “हरवलेल्या चादरी शोधून देशील?” हा “देईन” म्हणाला, आणि नोकरी लागली.

नेमणुकीचं पत्र घरी आलं, आणि तिथेच ती चूक झाली. पत्रात वर्षाचा आकडा होता. आईने तिथल्या तिथे बाराने भागून टाकलं. चाळीस हजार! बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि रंगाच्या दुकानात जाऊन सगळ्यांना सांगून आले. त्या आकड्यात मालकाने काय काय कोंबलं होतं ते त्यांना कुठून कळणार? निवृत्तीचा फंड, विमा, येण्याजाण्याची गाडी, जमलं तर मिळणारा बोनस, न जमलं तर न मिळणारा. पहिल्या महिन्यात हातात आले अठ्ठावीस. तो घरी म्हणाला, “या महिन्यात थोडं कापलंय.” पुढच्या महिन्यात कुणी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग दर पगारवाढीला तोही पत्रातलाच आकडा सांगू लागला. आता घरच्यांच्या हिशेबी त्याला साठ हजार होते. येत होते बेचाळीस.

मधल्या अठरा हजारांचं काय, असा प्रश्न कधी तरी येणारच होता. बाबांनी विचारलं तेव्हा तो घाईत म्हणाला, “गुंतवतो.” उचलली जीभ लावली टाळ्याला. सात वर्षांत त्या नसलेल्या गुंतवणुकीला बाबांच्या डोक्यात दहा-बारा लाखांची फळं लागली होती.

आता त्याच्या धाकट्या बहिणीला त्याच कॉलेजात, त्याच डिग्रीला प्रवेश मिळाला होता. फी दुपटीने वाढून बारा लाख झाली होती. बाबा साठीच्या पुढे, कमाई काही नाही, त्यामुळे जामीनदार म्हणून दादाने सही करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं.

“तुझे पैसे तुला राहू देत,” ते म्हणाले होते. “हिच्यासाठी कर्जच काढू. तू नुसती सही कर. अडलंच काही, तर तुझी गुंतवणूक आहेच की!”

आणि धाकटी म्हणाली होती, “मलाही दादासारखंच व्हायचंय.”

हे ऐकल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. दादासारखं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त दादालाच माहीत होतं. सही केली तर पोरगी साठ हजारांच्या खोट्या भरवशावर बारा लाखांत उडी घेणार. नाही केली तर कारण सांगावं लागणार. स्वतःच्या कर्जाची तीन वर्षं अजून बाकी होती. अकरा हजारांचा हप्ता दर पाच तारखेला खात्यातून जायचा आणि पाच तारखेपर्यंत तो कुणाशी धड बोलायचा नाही.

बुधवारी दुपारी डबा खाताना त्याने बॉयलरवाल्याला सांगितलं. बॉयलरवाला त्याच्याच वयाचा. दोन वर्षांचं प्रशिक्षण करून विसाव्या वर्षी कामाला लागला होता. जादा पाळ्या धरून त्याच्या हातात पंचेचाळीस यायचे. डोक्यावर कर्ज म्हणाल तर कुणाकडून घेतलेली छत्री परत करायची राहिली असेल तेवढंच.

“सही कर नाही तर करू नकोस,” तो म्हणाला, “पण खरं काय ते पोरीला सांग. आणि तुझी ती डिग्री एकदा माझ्याकडे धुवायला टाक. बघू तरी, गरम पाण्यात किती आटते.”

“आटून आटून आता रुमालाएवढी राहिलीय,” सिस्टिम म्हणाला. हसला, पण अर्धा डबा तसाच झाकून उठला.

जागेवर जाऊन त्याने दार लोटलं आणि चादरींच्या तक्त्यात एक नवी ओळ उघडली. चादरीच्या जागी स्वतःला घातलं. घ्यायला पडलेली किंमत म्हणून कर्ज, व्याज, आणि शिकण्यात व रिकामं बसण्यात गेलेली वर्षं. कमाई म्हणून महिन्याचे बेचाळीस. खर्च म्हणून हप्ता, घरभाडं, किराणा, धाकटीची फी आणि शिकवणी, स्वतःचा चहापाणी-कपडालत्ता. शेजारी दुसरी ओळ बॉयलरवाल्याची. मग ‘वसूल’ रकान्यावर बोट ठेवलं. बॉयलरवाला दुसऱ्याच वर्षी वसूल झाला होता. याची तारीख आली ती आणखी अकरा वर्षांनंतरची.

त्याने ती तारीख पाहिली, पुसली, पुन्हा आणली. पडदा काही बदलला नाही. त्याच्या मनात आलं की चादर असतो तर मालकाने आपल्याला घेतलंच नसतं. हसूही येईना आणि रडूही.

निदान एक गोष्ट पक्की झाली. हा तक्ता धाकटीला दाखवायचा. तोंडाने सांगवत नव्हतं ते आकड्यांनी सांगायचं.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले होते, आई स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधे जे टेबल होतं त्यावर त्याने लॅपटॉप उघडून धाकटीपुढे सरकवला.

“हे काय?”

“सही करायच्या आधी बघ. सगळं खरं आहे.”

अठरा वर्षांची पोर, पण आकड्यांत भारी तिखट. शाळेत असताना वाण्याच्या बिलातली चूक दारातूनच ओरडून सांगायची. तिने वरपासून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच रकान्याशी थांबली.

“बेचाळीस? साठ होते ना?”

“साठ पत्रात असतात. हातात बेचाळीस.”

“पहिल्यापासून असंच?”

“पहिल्यापासून.”

“आणि गुंतवलेले?”

तो लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसू लागला. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, हिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, पण असं बघू नये. तिने ओरडायचं टाळलं ते फक्त आत आई होती म्हणून.

“सगळीकडे सांगत फिरले रे मी,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मैत्रिणींना, सरांना. त्या आकड्यावर तर मी हे सगळं ठरवलं.”

“म्हणूनच दाखवतोय. ही डिग्री तोट्याची आहे. बघ की, बॉयलरवाला माझ्या किती पुढे आहे.”

ती पुन्हा पडद्याकडे वळली. बराच वेळ वर-खाली करत राहिली. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा खिडकीशी गेला. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाचं शटर अर्धं ओढून कुणाशी तरी भांडत होता. याला त्या भांडणाचासुद्धा आधार वाटला.

“दादा, ही ओळ कसली?”

“कुठली?”

“‘धाकटी, पाच हजार’. दर महिन्याला आहे. सातही वर्षं.”

“तुझी फी. शिकवणी, वह्या-पुस्तकं, बस.”

“बाबा साठवलेल्यातून भरतात ना माझी फी?”

“बाबांनी शिडी सोडून सात वर्षं झाली.”

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “हे पाच हजार तुझ्या हप्त्यात टाकून दाखव.”

“कशाला?”

“टाक तर.”

त्याने टाकले. एवढा सिस्टिमवाला माणूस, सकाळ-संध्याकाळ लोकांचा कपडा मोजणारा, पण ही एक बेरीज त्याने कधी करून पाहिली नव्हती. कर्ज फिटण्याची तारीख जागची हलली. तीन वर्षं पुढे होती ती मागे मागे येत गेली आणि दीड वर्षापूर्वीच्या एका महिन्यावर जाऊन थांबली.

“म्हणजे डिग्री तोट्यात नव्हती,” धाकटी म्हणाली. “मी होते.”

“मूर्खासारखं बोलू नकोस.”

“मी नाही बोलत, तुझा तक्ता बोलतोय. कर्ज फिटून दीड वर्ष झालं असतं. आज बिनहप्त्याचा मोकळा असतास. आणि हे सगळं खर्चात लपवून मला सांगायला बसलास की डिग्री वाईट!”

“मी लपवलं नाही. मला दिसलंच नाही ते.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. भाडं जसं जातं, किराणा जसा जातो, तसे ते पाच हजार जात होते. त्यांचा वेगळा विचार करावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“एकच सांग,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता. “तू पुन्हा अठरा वर्षांचा झालास तर घेशील ही डिग्री?”

“माहीत नाही.”

“निदान हे तरी खरं बोललास.” तिने लॅपटॉप मिटला आणि जेवायला न येता आतल्या खोलीत जाऊन पडली. आईने विचारलं तेव्हा त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कुणाचं, ते आईने विचारलं नाही.

गुरुवारी ती सकाळीच कागदांची फाइल घेऊन कुठेतरी निघून गेली. लॉन्ड्रीत याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी त्याने दोनशे बारा धडधाकट चादरींवर ‘विरल्या’ अशी खूण करून त्या फडक्यांच्या यंत्राकडे पाठवल्या. यंत्रावरच्या मावशींनी पहिलीच चादर हातात धरून आरडाओरडा केला, “अरे सिस्टिम, ही तर कालची नवरी आहे! हिला कापू?” त्याने धावत जाऊन चादरी परत आणल्या. मालकाला कळायच्या आत निस्तरलं. तीनदा धाकटीला फोन लावला. तिने उचलला नाही.

शुक्रवारी बँकेत तिघं गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोनच महिन्यांपूर्वी नवे दात बसवले होते, ते दिसावेत अशा बेताने ते कर्जाच्या टेबलामागच्या बाईंकडे पाहून हसले. धाकटी फाइल छातीशी धरून भावाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली. घरून निघाल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“जामीनदार कोण?” बाईंनी विचारलं.

“हा काय, आमचा मुलगा,” बाबा म्हणाले. “त्याच कॉलेजातून शिकलाय. साठ हजार आहेत. लिहा तुम्ही, साठ.”

बाईंनी हात पुढे केला. “तीन महिन्यांची पगारपत्रकं लागतील.”

पत्रकं त्याच्या खिशात होती. ती काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ त्याने लावला. बाबांनी वळून पाहिलं. बाईंनी पहिलं पत्रक उघडलं, भुवया किंचित वर केल्या आणि बाबांकडे नव्हे तर त्याच्याकडे पाहिलं. त्या काही बोलायच्या आत तो म्हणाला, “बेचाळीस आहेत. साठ नाहीत. अकराचा हप्ता चालू आहे, अजून तीन वर्षं.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि यंत्रावर आकडे टाकू लागल्या. त्यांच्या दृष्टीने ही साधी दुरुस्ती होती. “मग बाराला नाही होणार हो हा जामीन. पाचपर्यंत होईल फार तर.”

बाबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, कुणीतरी काढून ठेवायचं विसरल्यासारखं. “पण याचे दहा-बारा लाख गुंतवलेले आहेत,” ते म्हणाले. “ते धरा ना. सांग ना रे त्यांना.”

“नाहीत, बाबा.”

“नाहीत म्हणजे?”

“कधीच नव्हते.”

तेवढ्यात धाकटीने फाइल उघडून एक वेगळाच अर्ज टेबलावर ठेवला. “बारा नकोतच,” ती म्हणाली. “साडेचार हवेत. डिग्री तीच, पण दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळची. पाच वर्षं लागतात. काल प्रवेश बदलून आले. दिवसा औषधांच्या गोदामात मालाची नोंद ठेवायचं काम मिळालंय. आणि व्याज पहिल्या महिन्यापासून भरायचंय, शिकतानाच. तशी सोय असते का?”

“असते की,” बाई म्हणाल्या. “कुणी विचारत नाही एवढंच.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तू दिलेले सगळे पाच-पाच हजार मी मोजलेत. ते फिटायचे नाहीत. पण तुझ्यावर आणखी ओझं नाही टाकणार मी.”

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की ते ओझं नव्हतं, सात वर्षांत तेवढाच एक खर्च असा होता की जो जाताना वाईट वाटलं नाही. पण टेबलापलीकडे बाई शिक्के मारत होत्या, मागे रांग होती, आणि त्याने नुसतं पेन घेतलं.

बाबा मात्र अजून पगारपत्रकच वाचत होते. चष्मा वर करून, खाली करून, एकेक कपात बोटाने दाखवत. सात वर्षांपूर्वीचं पत्र त्यांनी असंच तीनदा वाचलं होतं, पण तेव्हा आनंदाने. आता त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं.

“एवढ्यात भाडं, किराणा, हिची फी?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

“बेचाळीस माहीत असते, तर दात मागितले नसते मी तुझ्याकडे.”

“म्हणूनच सांगितलं नाही.”

हे पुरतं खरं नव्हतं. सुरुवातीला होता तो नुसता भपका, पत्रातल्या आकड्याचा मोह. पण सात वर्षांत कधीतरी ते खरं झालं होतं.

बाबांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

“दातांवाचून माणूस मरत नाही रे,” ते म्हणाले. “सात वर्षं तुझ्यासमोर बसून जेवलो, आणि तुझ्या ताटात काय आहे ते कधी पाहिलं नाही. मला त्याची लाज वाटते.”

बाईंनी अर्ज पुढे सरकवला आणि जामीनदाराची जागा बोटाने दाखवली. त्याने उत्पन्नाच्या रकान्यात बेचाळीस हजार लिहिले, खाली सही केली, आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना उठवलं.